सातव्या आठवड्याचा यजमान

फॉल रिव्हर, १८ एप्रिल २०१०

बाबा,

हे पत्र मी ख्रिसमसपासून लिहितोय. म्हणजे लिहीत नव्हतो, लिहिणार होतो. आधी कागद नव्हता. कागद मिळाला तेव्हा मी खेकडे पकडणाऱ्या एका बोटीवर होतो, आणि बोटीवर कागद कोरडा राहत नाही. मग बोट सोडली, तर पेन बोटीवर राहिलं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. गोठ्याच्या दारात तुम्ही म्हणाला होतात, "जा, आणि काहीतरी झालास की कळव." कळवण्यासारखं मी अजून काही झालेलो नाही. पण ही बातमी माझी नाही, आत्याची आहे, म्हणून म्हटलं चालेल.

फेब्रुवारीपासून मी झुल्मिरा आत्याकडे आहे. दोन दिवसांसाठी आलो होतो. तिने दार उघडून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नाक माझ्या भावाचं आणि बूट कुणाचे तरी ढापलेले. ये आत." तुमच्या-तिच्या भांडणाबद्दल ती बोलत नाही. फक्त जेवताना मीठ जास्त झालं की म्हणते, हे असं तुझ्या बापाला आवडायचं.

तिचं ते तीन मजली लाकडी घर तसंच आहे. वरचे दोन्ही मजले मात्र रिकामे. पडद्यांची गिरणी बंद पडली, भाडेकरू गेले, आत्याचं कामही गेलं. सगळ्यात वर मी राहतो. तिथल्या खिडकीतून नदी दिसते, आणि एक लंगडा सीगल रोज सकाळी येऊन माझ्याकडे असा बघतो की मला उठावंच लागतं. पण ते जाऊ दे.

बातमी अशी की पवित्र आत्म्याचा मुकुट आत्याच्या घरी येणार आहे. ईस्टरपासून तो इथेही दर आठवड्याला एकेका घरी मुक्काम करतो; आत्याकडे शेवटच्या, सातव्या आठवड्यात, म्हणजे गावजेवणाच्या. गेल्या वर्षी चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तिचं नाव निघालं. आपल्या साओ जॉर्ज बेटावर सातवा आठवडा मिळाला की लोक घराला रंग देतात. इथे तर वाट बघण्यातच माणसं म्हातारी होतात. आत्या अमेरिकेत आल्यापासून वाट बघत होती. पुढच्या खोलीतलं सगळं सामान तिने आत्ताच बाहेर काढलंय, मुकुटाची वेदी तिथे मांडायची म्हणून. त्यामुळे आम्ही सोफ्यावर स्वयंपाकघरात बसतो.

अडचण एकच आहे. मुकुट येईपर्यंत घर राहील की नाही, ते नक्की नाही. कर्जाचे हप्ते थकलेत. बँकेची पाकिटं आत्या फोडत नाही, संत अंतोनींच्या पायाशी ठेवते. तेच बघून घेतील म्हणते. आता संत अंतोनी पाकिटांच्या ढिगावर उभे आहेत आणि पहिल्यापेक्षा बरेच उंच झालेत.

आणि एक ब्रदर डॅरेल म्हणून येतात. पांढरी गाडी, तिच्या दारावर कबुतराचं चित्र. 'पवित्र छत्र' नावाची त्यांची धर्मादाय संस्था आहे, अडचणीतल्या घरमालकांना मदत करणारी. त्यांचं म्हणणं असं, की घर संस्थेला बक्षीस लिहून द्यायचं, नुसतं कागदावर. घर देवाचं झालं की बँक त्याला हात लावू शकत नाही. मग बँकेला हप्ता द्यायचा नाही, संस्थेला दरमहा अर्पण द्यायचं, ते हप्त्याहून कमी. आणि बँकेशी एक अक्षर बोलायचं नाही, त्याने कृपेत खंड पडतो. शेजारच्या दिओलिंदाने हिवाळ्यातच तसं केलंय. ती म्हणते, तेव्हापासून झोप लागते.

ब्रदर आमच्याकडे येतात, डोळे मिटून जपमाळ म्हणतात, तळलेले गोड गोळे खातात आणि जाताना आमच्या फ्रिजलाही आशीर्वाद देतात. मला ते का आवडत नाहीत, सांगता येत नाही. कदाचित त्यांचे बूट माझ्यापेक्षा चांगले आहेत म्हणून असेल.

तुम्ही काळजी करू नका. गाई बऱ्या असतील.

जासिंतो


२९ एप्रिल

बाबा,

आत्याने सही केली.

मी मासळी बाजारात पेट्या उचलायला गेलो होतो. आलो तर टेबलावर दोन कप होते आणि आत्या गात होती. मला ओरडावंसं वाटलं, पण गाणाऱ्या माणसावर कसं ओरडणार. मी भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात गेलो. मी आणि ग्रंथालय, तुम्ही हसाल. तिथे एका कोपऱ्यात टेबल आहे, घर जाण्याच्या बेतात असलेल्यांना फुकट सल्ला देतात. टेबलामागे लिडिया बसते. लिडिया म्हणजे ओक्तावियो बेकरीवाल्याची मुलगी. ओक्तावियो म्हणजे इथल्या पवित्र आत्मा मंडळाचे अध्यक्ष, मुकुट त्यांच्याच ताब्यात असतो. लिडिया संध्याकाळी मंडळाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. वाजवताना तिची डावी भुवई वर जाते. हे उगाच सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घर त्याच्या नावावर गेलं, कर्ज मात्र तुझ्या आत्याच्याच नावावर राहिलं. बँकेला तो एक पैसा देत नाही. बँक घर लिलावात काढेपर्यंत अर्पण खिशात घालतो, मग दुसऱ्या गल्लीत जातो. असे मी या वर्षी बरेच पाहिलेत. कुणाच्या गाडीवर कबुतर असतं, कुणाच्या क्रूस."

मी विचारलं, आता काय. तिने नोंदणी कचेरीत फोन केला. आत्याचा कागद अजून तिथे पोचलेला नाही. पोचण्याआधी मूळ कागद परत मिळाला तर काही घडलंच नाही असं होईल. पण तो परत मागायचा कसा? मागितला तर तो त्याच दुपारी धावत जाऊन नोंदवेल.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ऐकेना. देवाचं नाव घेणाऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणाली, आणि ती क्लॅरिनेटवाली मुलगी फार बारीक आहे, काही खात नाही वाटतं, असंही म्हणाली. मग पीठ मळता मळता एकदम थांबली.

"घर आता कागदावर संस्थेचं ना?"

"हो."

"म्हणजे मी घरची धनीण नाही."

"तेच तर सांगतोय, आत्या."

"मग मुकुट कुणाच्या घरी येणार?"

बाबा, मी लिलावाबद्दल बोलत होतो आणि ही मुकुटाबद्दल. हात न धुताच ती ओक्तावियोंकडे गेली, मी मागून. ओक्तावियो फार सावकाश माणूस आहेत, पाव भाजण्यात आयुष्य गेलंय, घाई कशी करायची तेच विसरलेत. त्यांनी भट्टीचं दार लावलं, विचार केला आणि म्हणाले की मंडळाच्या रीतीप्रमाणे मुकुट घराच्या धन्याकडे जातो, आणि जो धनी तोच त्या आठवड्याचा यजमान. घर पवित्र छत्र संस्थेचं असेल तर यजमान पवित्र छत्र संस्था.

आत्याला हायसं वाटलं. म्हणाली, एवढी धार्मिक संस्था, त्यांना केवढा आनंद होईल.

रविवारी मिस्सानंतर ओक्तावियोंनी मंडळाच्या हॉलमध्ये जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिडियाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिची ती भुवई वर गेली. मला वाटतं तिला माझ्याआधी कळलं.

जा.


१० मे

बाबा,

हे सगळं एका पत्रात बसणार नाही. त्यातच आज इथे जत्रेचा पाळणा लागलाय, त्याच्या दिव्यांपायी लक्ष लागत नाही. तरी सांगतो.

ओक्तावियो यजमानाचा लाल पट्टा घेऊन ब्रदर डॅरेलच्या ऑफिसात गेले, तर त्याने तो लगेच खांद्यावर घातला आणि फोटो काढून घेतला. त्याला वाटलं, यजमान म्हणजे पुढच्या खुर्चीत बसायचं. एवढी माणसं जमणार, त्यातली निम्मी कर्जात बुडालेली. त्याचे डोळे चमकताना मी स्वतः पाहिले. यजमानाने काय करायचं असतं ते त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? आपल्याकडे ते लहान पोरालाही ठाऊक असतं.

मग सुरू झालं. आधी खाटीक गेला, गाई किती धरायच्या विचारायला. गावजेवण आहे, दारी येईल तो जेवणार, यजमानाने हात आखडून कसं चालेल. मग ओक्तावियो पुन्हा गेले, पावाचं विचारायला. मग वाईनवाला गेला. बायका कागदी फुलं करायला त्याच्याच ऑफिसात जाऊन बसल्या, कारण यजमानाच्या छपराखाली फुलं करायची असतात. त्यांनी त्याच्या कॉफीच्या यंत्राचा ताबा घेतला. बँडने रोज संध्याकाळी त्याच्या दारात सराव सुरू केला. जे कुणी अर्पण द्यायला येत होते, तेही पाकीट खिशात परत ठेवून फुलं करायला बसायला लागले.

शनिवारी गाय आली. वेस्टपोर्टच्या एका गोठ्यातून ट्रकने आणली, शिंगांना फुलं, पाठीवर लाल कापड. यजमानाने गाईला हात लावून हो म्हणायचं असतं, तुम्हाला मी काय सांगू. मुख्य रस्त्यावर बँड वाजतोय, गाड्या खोळंबल्यात, आणि गाय बुजली. ट्रकवाला पोरगा शहरातला, त्याला काही जमेना. कुणीतरी दोर माझ्या हातात दिला. मी तिच्या कानामागे खाजवलं आणि तुम्ही आपल्या लुझिया गाईला म्हणायचात तसं हळू आवाजात बोललो. ती शांत झाली आणि माझ्या मागून थेट संस्थेच्या काचेच्या दारातून आत आली. ब्रदर टेबलावर चढला. दोराबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. हाताला वास मात्र अजून आहे.

काल रविवारी तो हॉलमध्ये आला. पट्टा घडी करून हातात होता. सगळे कॉफी पीत होते. तो उभा राहून म्हणाला, "बंधुभगिनींनो, थोडा गैरसमज झालाय. सिस्टर झुल्मिरांचं घर आमचं नाही. ते त्यांचंच आहे. आमच्या संस्थेचा त्या घराशी काही संबंध नाही."

आत्याचा चेहरा पडला. खरंच पडला, बाबा.

"म्हणजे तुम्ही जेवण घालणार नाही?" ती म्हणाली.

"घर आमचं नाही तर आम्ही कसं घालणार, सिस्टर?"

तेवढ्यात दिओलिंदा उठली. ती कधी सभेत बोलत नाही. मांडीवरची फुलं तिने खुर्चीवर ठेवली.

"ब्रदर, मग माझंही घर तुमचं नाही ना?"

"नाही नाही, ताई. तुमचंच आहे."

"मग मी दरमहा तुम्हाला कसलं अर्पण देते?"

त्याने पाणी प्यायलं. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "मी पण देतो." मग खिडकीजवळची एक बाई उठली. मग तिच्या पलीकडचा एक माणूस उठला, आणि त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली, कारण त्याने घर लिहून दिलंय हे तिला माहीतच नव्हतं. तो संसार आज कसा आहे, मला माहीत नाही.

ओक्तावियोंनी आपल्या चालीने टेबलापर्यंत यायला बराच वेळ घेतला. म्हणाले, "एका घराला दोन धनी असले तर मुकुट तिथे जात नाही. तुम्ही धनी नाही म्हणता, चांगलं आहे. तिचा कागद ठेवा इथे."

दारात बँडवाले उभे होते, भलामोठा पितळी ट्युबा आडवा धरून. ब्रदरने बॅग उघडली. आत्याचा कागद आणि आणखी काहींचे निघाले, ते सगळे लिडियाने गोळा केले. दिओलिंदाचा मात्र निघाला नाही. तिचा मार्चमध्येच नोंदला गेलाय.

तो गेल्यावर लोक हसायला लागले, आधी एक जण, मग सगळे. ट्युबावाल्याला एवढं हसू आलं की ते ट्युबातून बाहेर आलं. एकटी दिओलिंदा हसत नव्हती. आत्याने तिच्याजवळ जाऊन बसून फुलांची तार तिच्या हातात दिली. दोघी फुलं करत बसल्या.

जा.


१७ मे

बाबा,

चीज पोचलं. काल विमानाने आलेल्या एका बाईंनी आणून दिलं. सोबत चिठ्ठी नव्हती. आत्याने वास घेतला, हे तुमच्याच गोठ्याचं आहे म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावलं. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. मग तिने एवढा मोठा तुकडा खाल्ला की मला पुन्हा मागावा लागला.

मुकुट घरात आहे. काल संध्याकाळी आणला, पुढे लाल निशाण, मागे सगळी गल्ली. आत्याने वेदीला इतके दिवे लावलेत की स्वयंपाकघरातला दिवा लावला की सगळेच जातात, म्हणून आम्ही वेदीच्या उजेडात जेवतो. रोज जपमाळेला माणसं मावत नाहीत, जिन्यावर बसतात. जपमाळ संपली की अकॉर्डियन निघतं. मीही नाचलो. कुणाबरोबर ते विचारू नका.

बँकेचं सांगायचं राहिलं. लिडियाने संत अंतोनींना उचललं, त्यांची क्षमा मागितली आणि पाकिटं फोडली. बँक केव्हापासून म्हणत होती, येऊन बोला, हप्ता कमी करण्याचा विचार करू. आणि ब्रदर सांगत होता, बोलू नका. लिडिया आणि तिच्याकडची एक वकीलबाई आत्याला घेऊन गेल्या. आत्याने बँकेच्या माणसासाठी गोड पाव नेला. तो घेता येत नाही म्हणाला. मग घेतला. वरचे मजले भाड्याने जाणार असतील तर हप्ता कमी करतो म्हणाला. शुक्रवारी सह्या झाल्या. घर राहिलं, बाबा.

मधल्या मजल्यावर ओक्तावियोंचा भट्टीवाला येतोय, बायकोपोरांसकट. वरचा मजला मी घेतलाय. हो, भाड्याने. बेकरीत पहाटेचं काम मिळालंय. माझ्या नावाची पाटी आत्याने दाराला लावली. मी जाता-येता ती वाचतो. सीगलनेही वाचली असावी, हल्ली जरा आदराने बघतो.

ब्रदरच्या ऑफिसला कुलूप आहे. पोलीस येऊन गेले. तो कुठे आहे कुणालाच माहीत नाही, आणि तो सापडल्याशिवाय दिओलिंदाचं घर सुटत नाही. वकीलबाई म्हणतात, खटल्याला वर्ष जाईल, किंवा त्याने आपणहून उलट सही केली तर एक दुपार. दिओलिंदा रोज जपमाळेला येते, सगळ्यात मोठ्याने म्हणते.

आत्याला मी सरळ विचारलं, की तू हे सगळं मुद्दाम केलंस का. ती रश्शासाठी मसाल्याच्या पुरचुंड्या बांधत होती. म्हणाली, "मुद्दाम कशाला करू? घर ज्याचं तो यजमान. त्याला नको होतं तर त्याने घर कशाला घ्यायचं?" आणि मला दोरा धरायला सांगितलं. तिचा चेहरा मी नीट पाहिला. मला काही कळलं नाही. तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला कळलं असतं.

जासिंतो


२३ मे, पेन्टेकॉस्टचा रविवार, हॉलचं स्वयंपाकघर

बाबा,

सगळे मिरवणुकीने चर्चला गेलेत. आत्या मुकुटामागे चालते आहे, नव्या निळ्या पोशाखात. बूट लागत होते, पण ती म्हणाली, आज पाय माझे नाहीत. मला रश्शाकडे लक्ष ठेवायला मागे ठेवलंय. हंडे एवढे मोठे आहेत की ढवळायला वल्हं घेतलंय. मांस सुटं व्हायला लागलंय, कोबी शिजला. पुदिना ताटात घालायचा की हंड्यात, यावरून सकाळी दोन बायका बोलेनाशा झाल्या. पत्राचा कागद पावाच्या पिशवीवर ठेवून मी उभ्यानेच लिहितोय, मध्येच ठिपका दिसला तर तो रस्सा समजा.

लोकांनी मिळून सगळं जमवलं. गाई, वाईन, पाव, कुणी काय दिलं कुणी विचारत नाही. टेबलं मैदानापर्यंत लागलीत. आत्या

थांबा, मागच्या दाराशी कुणीतरी आहे.

बाबा, ब्रदर डॅरेल आलाय. कबुतराची गाडी नाही, चालत आला, दाढी वाढलेली. हंड्यांपलीकडे उभा आहे. मी वल्हं हातात घेतलं होतं, ते मला नंतर कळलं. तो म्हणाला, "मी दिओलिंदाबाईंना भेटायला आलोय. सही उलटी करून द्यायची आहे." त्याच्या वकिलाने सांगितलंय, आपणहून दिलंस तर शिक्षा थोडी हलकी होईल. मी म्हटलं, त्या चर्चला गेल्यात, येतीलच. सहीवर लागणारा नोटरीचा शिक्का कुणाकडे असतो मला माहीत नाही, पण लिडियाला माहीत असेल, ती बँडबरोबर येते आहे.

तो हंड्याकडे बघत होता. किती दिवस नीट जेवला नसेल, ते मला ओळखता येतं, मीही खूप फिरलोय. पोलिसांना फोन करायला हवा, ते मी करणार आहे. पण आज या दारातून कुणाला परत पाठवत नाहीत, आणि नुसतं बसवून वाढलं तर दिओलिंदाला काय वाटेल. म्हणून मी त्याला एप्रन दिला, सुरी दिली, आणि पावाच्या परातीसमोर उभं केलं.

"आधी पाव कापा," म्हटलं. "यजमानाने स्वतःच्या हाताने वाढायचं असतं."

कापतोय. जाड कापतोय, वर ओतलेला रस्सा नीट मुरणार नाही. मी दोनदा सांगितलं, आता पातळ करतोय. बँड कोपऱ्यावर आला, क्लॅरिनेट ऐकू येतंय. मुकुटाच्या पुढे निशाण आहे, आणि निशाण दिओलिंदाच्या हातात आहे. ती दारातून सगळ्यात आधी आत येणार.